पोट्टे झॉम्बी वाचतात, तर बिघडलं काय?

गोकुळपेठकर:
काल निवृत्त मास्तरांनी इथे लिहिलं: "नववी-दहावीची मुलं सडक्या प्रेतांच्या इंग्रजी मालिका वाचतात, एक भाग संपला की दुसरा मागतात. हे वाचन नव्हे, व्यसन. पालकांनी ही पुस्तकं काढून घ्यावीत आणि हातात थोरामोठ्यांची चरित्रं द्यावीत." खाली बऱ्याच जणांनी "अगदी खरं" म्हणून माना डोलावल्या. मला ते वाचून झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं घरगुती वाचनालय आहे. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की दुपारी पोरं कूलरसमोर येऊन बसतात आणि वाचतात. चरित्रं मीही ठेवते. ती परत येतात तेव्हा खूण पहिल्या प्रकरणातच अडकलेली असते. झॉम्बीच्या मालिका परत येतात तेव्हा पुस्तकाचा कणा ढिला झालेला असतो. चारशे पानांचं इंग्रजी पुस्तक, शिक्षकानं सांगितलेलं नसताना, तेरा-चौदा वर्षांचं पोर संपवतं. आणि आपण काढून घ्या म्हणतो?

बरं, त्यात असतं काय? चार्ली हिग्सनची 'द एनिमी' मालिका घ्या. 2009 ते 2015, सात भाग. लंडनमध्ये चौदा वर्षांवरच्या सगळ्यांना रोग होतो. काही मरतात, उरलेले नरभक्षक होतात. मुलं एका सुपरमार्केटमध्ये तळ ठोकून राहतात. आता जेवण कोण आणणार, रात्री पहारा कोण देणार, लहानग्यांना खरं किती सांगायचं? पानंच्या पानं याच भांडणांत जातात. जोनाथन मेबरीचं 'रॉट अँड रुइन' 2010 चं. त्यातल्या गावात पंधरावं लागलं की पोरानं काम शोधायचं, नाहीतर त्याचं रेशन निम्मं. आपल्याकडे पंधराव्या वर्षी काय होतं? "लाइन ठरव. नीट की जेईई?" त्या पोराला ती गोष्ट आपली वाटते, यात नवल काय?

मोठ्यांनी उभारलेलं सगळं कोसळलंय आणि "आधी दहावी होऊ दे, मग बघू" म्हणणारं कुणी उरलं नाही, हे त्या पुस्तकांचं खरं आकर्षण आहे. प्रेतं निमित्तापुरती.

निवृत्त मास्तर:
ताई, मी पुस्तक उघडलं नाही असं तुम्ही गृहीत धरलेलं दिसतंय. उघडलं होतं. नातवाच्या उशाखाली सापडलं. कवटी फोडण्याचं वर्णन इतक्या चवीनं केलेलं होतं की मिटून ठेवलं.

रक्ताबद्दल माझं फार म्हणणं नाही. महाभारतातही रक्त आहेच. माझा आक्षेप गर्दीवर आहे. या गोष्टींत माणसासारखी दिसणारी एक गर्दी असते, तिला चेहरा नसतो, नाव नसतं, आणि तिला मारलं तर पाप लागत नाही. चौदाव्या वर्षी मनात हे मुरलं की पुढे कुठल्याही गर्दीकडे पोरगं त्याच नजरेनं बघेल. आजूबाजूला काय चाललंय ते पाहता मला याची भीती वाटते. माझं आयुष्य शिकवण्यात गेलं, पोरं कशानं निबर होतात ते मी पाहिलंय.

गोकुळपेठकर:
सर, हा मुद्दा वजनदार आहे आणि बऱ्याच व्हिडिओ गेमना तो तंतोतंत लागू पडतो. पण मी सांगितलेलं 'रॉट अँड रुइन' याच्या बरोब्बर उलट आहे. त्यातल्या बेनीला त्याचा थोरला भाऊ टॉम भित्रा वाटतो, कारण बाकीचे शिकारी झॉम्बी मारून फुशारक्या मारतात आणि टॉम मारत नाही. पुढे त्याला कळतं की टॉम एकेका कुटुंबाच्या सांगण्यावरून त्यांच्या गेलेल्या माणसाला शोधून शांत करतो. मजेसाठी मारणारे शिकारी हेच त्या गोष्टीतले खलनायक. त्या प्रेतांना नावं होती, घरं होती, हे पोरगं त्या पुस्तकातूनच शिकतं. तुम्ही मिटलंत त्याच्या पुढेही असं काही असू शकतं.

लेकीची आई:
पुस्तकातलं तत्त्वज्ञान राहू द्या. 2022 मध्ये शाळेतच झॉम्बीची साथ सुरू होते ती कोरियन मालिका आली. माझ्या मुलीनं मैत्रिणींबरोबर पाहिली. त्यानंतर कितीतरी दिवस ती शाळेच्या जिन्यानं एकटी चढत नव्हती. रात्री बाथरूमपर्यंत मला सोबत न्यायची. तुम्ही पुस्तकं चांगली म्हणता, पण सुरुवात पुस्तकानं झाली तरी शेवट पडद्यावरच होतो.

गोकुळपेठकर:
पडद्यावर चित्र दुसऱ्याचं असतं, ते अंगावर येतं. वाचताना पोर आपल्याला पेलेल तेवढंच रंगवतं, नको वाटलं तर मिटतं. दोन्ही एका तराजूत नका तोलू.

लेकीची आई:
रात्री दोन वाजता घाबरून उठलेली मुलगी मला पुस्तक आणि पडदा असा फरक सांगत नाही, ताई. तुम्ही वाचनालय चालवता, मी तिच्याजवळ झोपते.

बर्डीचा पोट्टा:
नमस्कार. मी सतरा वर्षांचा आहे आणि तुम्ही सगळे माझ्याबद्दल बोलून राहिले, मले कोणी विचारून नाही राहिलं.

आमच्या क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट होते आणि सोमवारी भिंतीवर रँकची यादी लागते. यादीत नाव खाली गेलं की मागच्या बॅचमध्ये टाकतात, मग दोस्तही बदलतात. मी 'द एनिमी' वाचलं तेव्हा त्यात कोणालाच रँक नव्हती. लहान पोराला पाठीवर घेऊन कोण धावतं आणि कोण सोडून पळतं, तिथे एवढंच पाहतात. आणि हिरो वाटलेला पोरगा मधातच मरून जातो. मले ते खरं वाटलं. शाळेतल्या धड्यांत चांगला मुलगा कधीच मरत नाही.

मास्तरांची एक गोष्ट मान्य. मालिका खूप ताणतात. मधले भाग पैशासाठी लिहिल्यासारखे वाटतात, तेच पळणं, तेच लपणं. तरी पुढचा भाग मागितलाच मी.

ओपीडीबाहेर:
थोडा पुरावा देतो, मग भांडा. 2021 मध्ये एका मानसशास्त्राच्या नियतकालिकात संशोधन आलं होतं. कोविडच्या काळात भयपटांच्या चाहत्यांना मानसिक त्रास कमी जाणवला, आणि झॉम्बी किंवा जगबुडीचे चित्रपट आवडणाऱ्यांची मानसिक तयारीही जास्त होती, असं त्यात दिसलं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं 2011 मध्ये झॉम्बी आले तर घरात काय साठवाल, असा लेख टाकला होता. पाणी, औषधं, कागदपत्रं, भेटायचं ठिकाण. वादळ-भूकंपाला लागणारी यादीच ती, पण झॉम्बीच्या नावावर लोकांनी इतकी वाचली की त्यांची साइट बंद पडली. गोष्टीत घाबरून बघणं ही एक रंगीत तालीम असते.

निवृत्त मास्तर:
डॉक्टर, त्या संशोधनात लोकांना विचारलं आणि लोकांनी स्वतःबद्दल सांगितलं, एवढंच ना? मुळात घट्ट मनाची माणसंच असले सिनेमे बघत असतील. सिनेमानं मन घट्ट झालं, हे कुठे सिद्ध झालं?

ओपीडीबाहेर:
नाही झालं. बरोबर पकडलंत. पण अपाय होतो हेही तुम्ही कुठे सिद्ध केलंय?

मानेवाडा रोड:
संशोधन राहू द्या, आमच्या घरचं सांगते. एप्रिल 2021. नागपूरचे ते दिवस इथल्या कुणाला समजावून सांगायला नकोत. बेडसाठी फोन, रेमडेसिविरसाठी फोन, ऑक्सिजनसाठी रांग. माझ्या बहिणीचे यजमान त्यात गेले. भाचा चौदाचा होता. आम्ही मोठ्यांनी त्याच्यापासून सगळं लपवलं. "बाबा बरे होऊन राहिले" असं शेवटपर्यंत सांगितलं. त्यानंतर तो आमच्याशी बोलेचना.

मग कुठून तरी त्यानं ही झॉम्बीची पुस्तकं मिळवली आणि एकामागून एक वाचत सुटला. मला राग यायचा. घरात मरण झालेलं आणि हा मरणाचंच वाचतोय! एकदा विचारलं तर म्हणाला, "मावशी, यात कोणीतरी खरं सांगते का मोठे लोक मरून जातात आणि मग मुलांनाच बघावं लागते." त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा त्याच्या बाबांबद्दल बोललो. मास्तर, तुम्ही म्हणता ती चरित्रं आम्ही दिली होती त्याला. त्यानं हात लावला नाही.

निवृत्त मास्तर:
याला माझ्याकडे उत्तर नाही. मुलगा आता बरा आहे ना?

मानेवाडा रोड:
आहे. इंजिनिअरिंगला आहे.

वऱ्हाडी ठसका:
सगळं ठीक, पण हे सगळं इंग्रजीत कायले? या वयाच्या पोरासाठी मराठीत आहे काय? 'किशोर' मासिक 1971 पासून निघते, चांगलं आहे, पण मिशा फुटल्या की पोट्टं ते सोडते. धारप, मतकरी यांच्या भयकथा जबरदस्त, पण त्यांच्या गोष्टींतली माणसं संसारी, नोकरीवाली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याचा, आणि त्याले मनातलं दुखणं नाही. तेरा ते सतराच्या मधात मराठी पुस्तकाचा नुसता खड्डा आहे, म्हणून पोट्टे लंडनच्या सुपरमार्केटात जाऊन बसले.

2022 मध्ये मराठीत 'झोंबिवली' सिनेमा आला तर तोही डोंबिवलीचा. नागपुरात झॉम्बी आले तर? इतवारीच्या गल्ल्या, मेट्रोचे पूल, अंबाझरी, सगळं तयार आहे. पण नाही लिहिणार कोणी, कारण वऱ्हाडी बोलणारं पात्र म्हटलं की विनोदी नोकरच पाहिजे तुम्हाला.

चिंचवडचा, सध्या मिहान:
दादा, यात पुण्याला कशाला ओढता? प्रकाशक खप बघतो. प्रमाणभाषेतलं पुस्तक कोल्हापुरातही जातं आणि अकोल्यातही. आख्खं पुस्तक बोलीत असलं तर बाहेरचा वाचक चौथ्या पानावर थकतो. हे वास्तव आहे, त्यात अपमान नाही.

वऱ्हाडी ठसका:
थकतो? उद्धव शेळक्यांची 'धग' 1960 ची. त्यातली माणसं वऱ्हाडीतच बोलतात आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ती डोळे पुसत वाचली. तेव्हा कोणी थकलं नव्हतं. आमच्या बोलीत दुःख चालते, भीती कशी नाही चालणार? तुमचं ऐकून आमच्या पोरांना वाटते का सिरिअस गोष्ट सांगाची तर भाषा बदलाव लागते. माझा पोरगा शाळेच्या निबंधात 'करून राहिला' लिहिते तर बाई लाल गोल मारतात. मग तो इंग्रजीतच लिहितो, तिथे त्याला कोणी हसत नाही. हे नुकसान कोण भरून देणार?

चिंचवडचा, सध्या मिहान:
निबंधात व्याकरणाच्या चुका तपासायच्या नाहीत का मग?

वऱ्हाडी ठसका:
चूक? पुन्हा म्हणा! करोडभर लोक असे बोलतात आणि तुम्ही सरळ चूक म्हणता!

गोकुळपेठकर:
दोघंही जरा थांबा. धागा झॉम्बीचा आहे. 'धग' बाबतीत ठसका शंभर टक्के बरोबर आहेत आणि मिहानवाल्यांनी ती वाचली नसेल तर माझ्याकडून न्यावी.

चिंचवडचा, सध्या मिहान:
वाचली आहे. तिची नायिका कौतिक मलाही विसरता येत नाही. 'धग'पुरतं मान्य. पण निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, अशी ती आहे. तसं कुणी झॉम्बीचं लिहिलं तर मी विकत घेईन. लिहा ना, अडवलंय कुणी?

बर्डीचा पोट्टा:
आमच्या शहरात तर दरवर्षी हेच होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणून सारं शहर ओरडते, मग जाळते. रोगराईचाच पुतळा ना तो? मास्तर, तुम्ही नातवाला खांद्यावर बसवून दाखवली असन मारबत. तिथे त्याला भीती नाही वाटली काय?

निवृत्त मास्तर:
दाखवली आहे. महालात उभं राहून दरवर्षी पाहतो. पण बाळ, फरक बघ. मारबत दिवसाढवळ्या निघते. शेजारी, दुकानदार, पोलीस, सगळे सोबत असतात. भीती सगळ्यांची मिळून असते आणि संध्याकाळपर्यंत ती जळून जाते. नातू पुस्तक वाचतो ते दार लावून, एकटा, मध्यरात्री. त्याची भीती कोण जाळणार? सात भागांच्या मालिकेत ती जळू नये यातच लेखकाचा फायदा आहे.

बर्डीचा पोट्टा:
मग दार वाजवून विचारा ना त्याला, कुठल्या पानावर आहेस म्हणून. मले घरी कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

गोकुळपेठकर:
सर, मुलगा बरोबर बोलतोय. काढून घेतलंत तर तो तेच मोबाइलवर वाचेल, तेव्हा दारही वाजवता येणार नाही. टॉमचं पुस्तक माझ्याकडे आहे. तुम्ही आणि नातू, दोघांनी वाचा.

निवृत्त मास्तर:
ठीक आहे, आणतो. अर्ध्यात सोडणार नाही, शब्द देतो. गर्दीचा माझा आक्षेप एका टॉममुळे पुसला जात नाही. एक पुस्तक चांगलं निघालं म्हणून बाकीचा ढीग चांगला ठरत नाही. पण "काढून घ्या" असं मी सरसकट लिहिलं होतं, त्याऐवजी "आधी वाचून बघा" म्हणतो. त्याच्या पुढे मी येणार नाही.

लेकीची आई:
सगळे एकमेकांना पुस्तकं देऊन मोकळे झाले. मी माझं सांगते. भाच्याची गोष्ट वाचून मीही रडले, पण माझी मुलगी तो भाचा नाही. तिच्या घरात कुणी गेलेलं नाही, तिला ती भीती विकत आणून द्यायची मला गरज वाटत नाही. सोळा पूर्ण होईपर्यंत मी तिला हे देणार नाही. गोकुळपेठकर ताई, ती तुमच्याकडे येते. तिच्या कार्डावर तशी नोंद करा.

गोकुळपेठकर:
करते. तुमचा शब्द शेवटचा. फक्त ती मला कारण विचारेल आणि मी तिला खोटं सांगणार नाही. पुस्तक वाईट आहे असं म्हणणार नाही, तुझ्या आईनं ठरवलंय असं सांगेन. मग ती तुमच्याकडे येऊन विचारेल.

लेकीची आई:
विचारू दे. मी सांगेन तिला.