मदत हवी आहे: बॅकपोर्टमुळे स्टेबल कर्नलमध्ये रिग्रेशन (नवा बिघाड), पॅच रिव्हर्ट करू (मागे घेऊ) की दुरुस्त?

नमस्कार मंडळी,

५.१५ वर आधारलेलं एक लिनक्स कर्नल आमची टीम सांभाळते. मेनलाइनमधल्या (मुख्य, नव्या कर्नलमधल्या) दुरुस्त्या त्यात बॅकपोर्ट करायचं, म्हणजे या जुन्या आवृत्तीत आणायचं, काम माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात नेटवर्क ड्रायव्हरचा एक पॅच चेरी-पिक केला (तेवढाच उचलून आमच्याकडे लावला). इंटरफेस बंद होताना मोकळी झालेली मेमरी पुन्हा वापरली जायची, त्यावरचा तो उपाय. कॉन्फ्लिक्ट नाही, कंपाइल करताना वॉर्निंग नाही. 'फिक्सेस' टॅगमधला कमिट (ज्या बदलामुळे मूळ बग आला तो) आमच्या झाडात, म्हणजे आमच्या सोर्स कोडमध्ये, आहे हेही आधी पाहिलं होतं, म्हणून निर्धास्त होतो.

नंतर काही मशीन अधूनमधून क्रॅश होऊ लागली, तीही भलत्याच ठिकाणी: कधी फाइल सिस्टीममध्ये, कधी दुसऱ्याच ड्रायव्हरमध्ये. साधारण १८० कमिटवर बायसेक्ट केलं (निम्मे-निम्मे तपासत दोषी कमिट शोधला), तर निघाला डॉक्युमेंटेशनचा एक कमिट! क्रॅश दर वेळी होत नसल्यामुळे एका बिघडलेल्या कर्नलला मी 'गुड' म्हणून बसलो होतो. मग केॲसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू केलं आणि फेलस्लॅब लावून मेमरीची मागणी मुद्दाम फसवली. आता बिघाड हमखास व्हायला लागला आणि आठ पायऱ्यांत माझाच बॅकपोर्ट सापडला. डबल फ्री, म्हणजे एकच मेमरी दोनदा मोकळी होत होती.

त्या पॅचमध्ये दोन बदल आहेत. पहिला इंटरफेस बंद करण्याचा क्रम सुधारतो. दुसरा ओपन फंक्शनच्या एरर पाथमध्ये (चूक झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) एक केफ्री (मेमरी मोकळी करणारा कॉल) वाढवतो. मेनलाइनमध्ये मधल्या काळातल्या एका साफसफाईत बफर मोकळा करायची जबाबदारी रिंग तयार करणाऱ्या फंक्शनकडून कॉलरकडे (त्याला बोलावणाऱ्या फंक्शनकडे) गेली. आमच्याकडे ते फंक्शन अजून स्वतःच बफर मोकळा करतं, आणि त्यावर माझ्या पॅचचा केफ्री.

रिव्हर्ट केलं तर जुना बग परत येतो. साफसफाईचा कमिट घ्यावा तर तो चारशे ओळींचा आणि तीन ड्रायव्हरना हात घालणारा. स्टेबलच्या नियमांत मर्यादा आजूबाजूच्या ओळी धरून १०० ची. अर्धाच पॅच ठेवला तर मेनलाइनशी न जुळणारा कोड माझ्या भरवशावर जाणार. तुम्ही काय केलं असतं?

प्रतिसाद १

आधी हीच फेलस्लॅबची चाचणी मेनलाइनवर चालवा. तिथेही फुटलं तर दुरुस्ती आधी तिथे जायला हवी, मगच खाली. आणि मूळ कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) 'फिक्सेस'मध्ये असलेला एखादा नंतरचा पॅच आहे का, तेही गिट लॉगमध्ये शोधा.

तिथे बिघाड नसेल तर आज रिव्हर्ट करा, कारण मशीन आज पडताहेत. मग फक्त पहिला बदल घेऊन नवा पॅच पाठवा. दुसऱ्या बदलाने मेमरीची जी गळती थांबते ती तुमच्या झाडात कधी नव्हतीच, त्यामुळे तो गाळण्यात काही गमवत नाही. मेनलाइनचा हॅश कायम ठेवा आणि तुमच्या साइन्ड-ऑफच्या (सहीच्या ओळीच्या) वर चौकोनी कंसात लिहा की केफ्री का गाळला. सहा महिन्यांनी तो पॅच वाचणाऱ्याला तेवढी ओळ लागतेच.

धागाकर्ता

मनापासून आभार. मेनलाइनवर बिघाड नाही. रिव्हर्ट गेलं, अर्ध्या पॅचवर रात्रभर चाचणी चालली आणि केॲसॅनची एकही तक्रार नाही.

एक विचारायचं राहिलं. पॅच ज्या फंक्शनना हात लावतो ती आता दोन्ही झाडांतली शेजारी ठेवून वाचतो. पण ती फंक्शन पुढे ज्यांना कॉल करतात, त्यांच्यात किती खोल उतरायचं हे तुम्ही कसं ठरवता?