चावीवर २० पौंड भरले, मीटरवर ३.४५ दिसतायत

मी: ताई, फोन बघतेयस का? आज लेस्टरच्या घराची किल्ली मिळाली. आत आलो तर वीज बंद. प्रीपेड मीटर आहे, त्यात पैसे भरायची छोटी चावी असते, ती मीटरमध्येच होती. एजंट म्हणाला, कोपऱ्यावरच्या दुकानातून भरून आण. २० पौंड भरले, चावी घातली, दिवे लागले. पण पडद्यावर फक्त ३.४५! बाकीचे गेले कुठे?

आई: काय झालं रे? इथे पावणेबारा वाजलेत, पण आम्ही जागेच आहोत. जेवलास का?

ताई: काकू, काळजी करू नकोस, मी बघते. चिनू, मीटरवरचं बटण एकेकदा दाबत जा आणि प्रत्येक पडद्याचा फोटो टाक. घाई नको, एकही सोडू नकोस.

मी: (फोटो) (फोटो) (फोटो) (फोटो)

ताई: हे बघ. आधीच्या भाडेकरूने जाताना ५ पौंडांची इमर्जन्सी क्रेडिट, म्हणजे शिल्लक संपल्यावर मीटर देतं ती उसनवारी, वापरली होती, ती पहिल्यांदा कापली. मग घर २१ दिवस रिकामं होतं. दिवे लागोत न लागोत, रोजचा स्थिर आकार चालूच राहतो. तुझ्या मीटरवर तो ५५ पेन्स आहे. २१ गुणिले ५५ म्हणजे ११.५५. दोन्ही मिळून १६.५५. आणि शेवटच्या फोटोत जे ८४ पौंड दिसतायत, ती त्याची जुनी थकबाकी. तू याच चावीने भरत राहिलास तर दर आठवड्याला थोडी थोडी तीसुद्धा तुझ्याकडून जाईल.

मावशी: म्हणजे दुसऱ्याचं बिल हा पोरगा भरणार? हा कुठला न्याय!

ताई: कायद्याने त्याच्यावर काहीच नाही, मावशी. इथे थकबाकी माणसाची असते, घराची नाही. करार सुरू झाल्याच्या तारखेपासूनचं चिनूचं, मधल्या रिकाम्या दिवसांचं घरमालकाचं, त्याआधीचं जुन्या भाडेकरूचं. पण माणूस बदललाय हे मीटरला कोण सांगणार? कंपनीला कळेपर्यंत जुनी चावी जुनाच हिशोब चालवते. म्हणून नव्या घरात गेल्यावर आधी कंपनीला फोन करायचा आणि मग पैसे भरायचे. एजंटने हे सांगायला हवं होतं. दर सप्टेंबरला नवीन आलेली मुलं अशीच अडकतात, मला फार राग येतो याचा.

मी: मग आता? रात्री वीज गेली तर?

ताई: रात्री जात नाही. संध्याकाळी उशिरापासून सकाळपर्यंत आणि शनिवार-रविवारी क्रेडिट संपलं तरी पुरवठा तोडत नाहीत. उद्या सकाळी कंपनीला फोन कर. कराराची तारीख सांग, आजचं रीडिंग सांग, फोटो आहेत म्हणून सांग. नवीन चावी माग आणि जुनी थकबाकी मीटरवरून काढायला लाव. भरलेले पैसेही परत माग, लाजू नकोस. टाळाटाळ केली तर लेखी तक्रार कर. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, त्याचे पैसे पडत नाहीत.

नानाकाका: मी सगळं वाचलं. वीज मंडळात ३४ वर्षं बिलिंगला काढली, पण ही तऱ्हा वेगळी आहे. आपल्याकडे थकबाकी जागेला चिकटते. जुन्या मालकाची बाकी नव्या मालकाकडे मागता येते आणि असे नियम वैध आहेत हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. तिकडे कायदा माणसाकडे बघतो, पण यंत्र जागेकडे बघतं. मुलं या दोन्हीच्या मध्ये सापडतात.

आई: भाऊजी, आपल्याकडेही प्रीपेड येणार म्हणत होते ना?

नानाकाका: सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं फडणवीसांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं. बिल नंतरच येतं. प्रीपेडचा एक फायदा मात्र खरा आहे. २००३ च्या वीज कायद्यात कलम ४७ मध्ये लिहिलंय की प्रीपेड घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. आपल्याकडे ती मालकाने भरलेली असते आणि मीटरही मालकाच्याच नावावर.

मावशी: माझ्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तेच झालं होतं. मागचा भाडेकरू दोन महिन्यांचं बिल न भरता गेला, ४,३०० रुपये. मी अनामत आधीच परत दिली होती. चांगली माणसं वाटली म्हणून विचारलंच नाही.

नानाकाका: चांगलीही असतील. पण शेवटचं बिल माणूस गेल्यावर हातात पडतं. म्हणून निघायच्या दिवशी दोघांनी मिळून रीडिंग घ्यायचं आणि अनामत त्यानंतरच द्यायची. युनिटांना सरसकट एक दर लावू नका. १०० पर्यंत एक, १०१ ते ३०० ला दुसरा, असे टप्पे आहेत. नाहीतर तुमचं किंवा त्याचं नुकसान.

ताई: बाबा, हे दोन्ही बाजूंनी आहे. लीड्सचं माझं पहिलं घर सोडताना मी मीटरची चावी ड्रॉवरमध्ये टाकून निघून आले. कंपनीला कळवलं नाही, नवा पत्ता दिला नाही, मीटरवर १८ पौंड शिल्लक होते ते गेले. पैशांचं सोडा. पण मी काही बाकी ठेवून गेले असते तर ती पुढच्या कुणाच्या तरी डोक्यावर बसली असती आणि मला कळलंही नसतं. चिनू, ज्याच्या चुकीने तू आज त्रासलास तोही बहुतेक तुझ्याच वयाचा, परीक्षा संपवून घाईने गेलेला कुणीतरी असेल. त्याला नावं ठेवू नकोस. तू सोडशील तेव्हा मात्र दोन-तीन दिवस आधी फोन कर, शेवटचं रीडिंग दे, शिल्लक परत माग.

मी: हो ताई. आता अंड्याची भुर्जी करतोय. आई, जेवतोय.

(दुसऱ्या दिवशी)

मी: झालं! ४० मिनिटं फोन धरून बसलो. उद्या दुकानातून नवीन चावी मिळेल. ८४ पौंड काढून टाकणार. इमर्जन्सीचे ५ परत देणार. ११.५५ बद्दल घरमालकाला लिहायला सांगितलंय, मसुदा तुला पाठवतो, बघशील?

ताई: पाठव. नवीन चावी चालते हे पाहीपर्यंत जुनी टाकू नकोस.

मी: मीटरच्या पेटीत आतून कागद चिकटवलाय. आजची तारीख, रीडिंग, कंपनीचं नाव, आणि खाली ‘आधी फोन करा, मग पैसे भरा’ असं इंग्रजीत.

आई: शहाणा माझा बाळ.

मावशी: नाना, कोथरूडच्या आत्ताच्या भाडेकरूचा करार रविवारी संपतोय. तुम्ही याल का माझ्याबरोबर रीडिंग घ्यायला?

नानाकाका: येतो. साडेदहाला निघू. मागचं बिल बरोबर ठेवा. टॉर्च मी आणतो, तुमच्या जिन्याखाली अंधार असतो.