विषय: बाळंतविडा करायचा का? शिलाई मशीन कुणाकडे आहे?

प्रेषक: रोहिणी (कार्यकारिणी)
सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

मार्च ते मे या तीन महिन्यांत मंडळात चार बाळं येणार आहेत. कुणाकडे ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून नावं लिहीत नाही. दर वेळी आपण गिफ्ट कार्ड देतो आणि पाकिटावर सगळ्यांच्या सह्या घेतो. मागच्या बारशाला त्या बाळाची आई मला म्हणाली, "कार्ड डायपरांत गेलं गं, पण आईनं तिकडून पाठवलेलं टोपडं मी जपून ठेवलंय." तेव्हापासून डोक्यात आहे की या वेळी घरी शिवलेला बाळंतविडा करावा. बाळंतिणीची साडी, बाळलेणी वगैरे ज्यांनी त्यांनी बघावं. आपण फक्त बाळाचं बघू: दोन झबली, टोपडं, दोन-तीन दुपटी आणि एखादं खेळणं.

अडचण अशी की मला बटण लावता येतं, त्यापुढे आनंद आहे. आणि २०२५ च्या मे महिन्यात इथली, अमेरिकेतली जोअॅनची कापडाची दुकानं बंद झाल्यापासून हात लावून कापड कुठे घ्यायचं तेही कळत नाही. कुणाला काय जमेल ते कळवा.

रोहिणी

————

प्रेषक: वसुधा
मंगळवार, सकाळी ६:१५

रोहिणी,

मशीन माझ्याकडे आहे. १९८१ साली इथेच एका गराज सेलमध्ये घेतलेलं, अख्खं लोखंडी. उचलायला दोन माणसं लागतात, पण अजून एक टाका सोडत नाही.

कापड विकत आणूच नका. बाळाच्या अंगाला जुनं कापड लागतं. नव्याला खळ असते, ते कितीही मऊ म्हणून विकलं तरी. सासरे गेले तेव्हा मी मिरजेहून त्यांची तीन धोतरं बॅगेत घालून आणली होती. माझ्या दोन्ही मुलांची दुपटी त्यांतलीच. दुपट्याला शिवणकाम येण्याची गरजसुद्धा नाही. धोतराच्या पन्ह्याएवढा चौकोन कापा, दोन बाजूंना काठ असतोच, उरलेल्या दोन बाजू दुमडून धावदोरा घाला. झालं. घरात जुनी सुती साडी, मलमलचा कुर्ता, पंचा, काहीही चालेल. सुती आहे की नाही शंका असेल तर एक धागा ओढून सिंकवर धरा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटानं भुरभुरते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. गोळी झाली की ते कापड बाजूला.

झबल्याचं सांगते, कारण तिथेच सगळे अडतात. २८ इंच लांब, १९ इंच रुंद कापड घ्या. आधी आडवं दुमडा, मग उभं, म्हणजे चार पदर होतील. पहिली घडी खांद्याची, दुसरी मधली. समोर १४ बाय साडेनऊचा तुकडा दिसेल. खांद्याच्या घडीपासून ४ इंच खाली या, ती बाही. तिथून मधल्या घडीच्या दिशेनं आत कापत या आणि साडेपाच इंच उरले की थांबा. मग वळून खाली तिरकं कापत जा, म्हणजे तळाशी मधल्या घडीपासून ७ इंच रुंदी मिळेल. मुंढा वेगळा कापायचा नाही, बाही वेगळी जोडायची नाही. गळ्याला दोन्ही घड्या मिळतात त्या कोपऱ्यात २ इंचांची गोलाई, पुढच्या भागाला थोडी जास्त खोल. मग फक्त पुढचा पदर मधोमध गळ्यापासून खालपर्यंत कापून उघडा.

हे पुढून उघडं मुद्दाम सांगतेय. आमच्याकडे झबल्याचे बंद पाठीला असायचे. इथली बाळं पाठीवरच झोपतात, गाठ रात्रभर टोचणार. मध्ये बोटभर फट राहते, राहू दे.

माझं पहिलं झबलं मी हौसेनं न उघडणारं शिवलं होतं. गळ्याला नाजूक भरतकाम, आठ दिवसांचं. नवजात बाळाचं डोकं असतं चौदा-एक इंच घेराचं आणि मी गळा ठेवला होता अकराचा. झबलं कपाळापर्यंत आलं आणि पोरगं आत अंधारात असं कोकललं की शेजारची बाई दारात आली. कात्रीनं भरतकाम मधोमध फाडलं. तेव्हापासून आधी गळा, मग हौस.

गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी लावा, सरळ पट्टी ताणत नाही आणि काचते. बंद पाच इंचांहून लांब नकोत. आणि शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवा. दिसायला उलटं घातल्यासारखं दिसतं, दिसेना का. माझी आई पहिले तीन महिने सगळी झबली उलटीच घालायची.

ता. क. मोहरीच्या चार उशाही करून देईन. डोकं गोल होतं.

वसुधाकाकू

————

प्रेषक: केतकी
मंगळवार, दुपारी १:०५

> मोहरीच्या चार उशाही करून देईन

काकू, झबल्याची कृती छापून फ्रीजवर लावली. पण उशीला माझा हात वर. मी नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे, हे बोलले नाही तर मलाच झोप लागायची नाही.

इथे एक वर्षापर्यंत बाळाच्या झोपण्याच्या जागी उशी, सुटं पांघरूण, मऊ खेळणं काहीच ठेवू नका असं अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स सांगते. नाक त्यात दबलं तर एवढ्याशा बाळाला मान वळवता येत नाही. पाठीवर झोपवण्याची मोहीम इथे १९९४ मध्ये सुरू झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढे निम्म्यावर आलं. पाळण्याच्या कडांना बांधायच्या मऊ गाद्या विकायलासुद्धा २०२२ च्या कायद्यानं बंदी आहे. डोकं एका बाजूनं चपटं होऊ नये म्हणून बाळ जागं असताना त्याला पालथं घालून समोर बसायचं, तेवढ्यानं काम होतं.

टोपडंही घरात झोपताना नको, डोक्यातून उष्णता बाहेर जावी लागते. बाहेर नेताना घाला. दुपट्यात बांधायचं तर पाय आत मोकळे हलले पाहिजेत, सरळ ताणून बांधले तर खुब्याला त्रास. आणि बाळ कुशीवर वळायला बघतंय असं दिसलं की बांधणं बंद.

गोधडी मात्र हवीच! पांघरायला नाही, अंथरायला. आमच्याकडे लाकडी फ्लोअर आहे, पालथं घालायला गालिचापेक्षा ती बरी, धुताही येते.

केतकी

————

प्रेषक: तन्मय
मंगळवार, दुपारी ४:३०

मस्त कल्पना. एवढं करणारच आहोत तर पन्नासेक झबली आणि बाहुल्या करून गणपतीत स्टॉल का लावू नये? हॉलचं भाडं निघेल.

————

प्रेषक: रोहिणी (कार्यकारिणी)
मंगळवार, रात्री १०:२०

तन्मयदादा, मलाही मोह झाला होता, म्हणून नियम वाचले. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी काही विकायचं म्हटलं की २००८ चा कायदा लागू होतो. शिशाची मर्यादा दहा लाखात १०० भाग, शिवाय वस्तू कुणी, कुठे, कधी बनवली याची न पुसणारी खूण हवी. घरगुती प्रमाणावर करणाऱ्यांना तपासण्यांत काही सवलती आहेत, पूर्ण सुटका नाही. नऊ महिन्यांच्या पुढच्या मापाचे रात्रीचे कपडे विकायचे तर ते अंगाला घट्ट बसणारे तरी हवेत, नाहीतर पेट न घेणाऱ्या कापडाचे तरी. त्या मापाची सैल सुती झबली त्यात बसत नाहीत. स्टॉलला आपले बटाटेवडेच बरे.

————

प्रेषक: वसुधा
बुधवार, सकाळी ६:०५

केतकी,

तू रागावशील म्हणून नाही, पण उशीचा हट्ट मी सोडला. खरं सांगू, माझी एक उशी आधीच बदनाम आहे. सुनेनं ती न विचारता वॉशरमध्ये टाकली आणि ओलीच कपाटात ठेवली. चौथ्या दिवशी शिवणीतून मोड बाहेर. मुलगा म्हणाला, आई, उशीची भाजी कर. तेव्हा मोहरी डब्यात राहील.

कुंची मात्र होणारच. बारशाला बाळाला खणाची कुंची नाही म्हणजे काय? फोटोपुरती घालू, बाळाचं नाव ठेवून झालं की काढू. माझ्याकडे जांभळ्या खणाचा तुकडा आहे, चार कुंच्या निघतील. मोती लावत नाही, घुंगरूही नाही. हातात आलं की पहिलं तोंडात जातं.

यावरून बाहुलीचं. बाजारातल्या बाहुलीचा डोळा मी एकदा नातवाच्या तोंडातून बोट घालून काढलाय. तेव्हापासून मी टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी शिवणाच्या डब्यातच ठेवते. त्या नळीतून जे खाली पडतं ते तीन वर्षांच्या आतल्या पोराजवळ ठेवायचं नाही. इथल्या तपासणीचं भांडं सव्वा इंच व्यासाचं असतं, आपली नळी त्याहून थोडी रुंद, म्हणजे आपण जास्त कडक.

आपली चिंधीची बाहुली नळीतून जात नाही. जुन्या मलमलचा १५ इंचांचा चौकोन घ्या. मध्ये चिंध्यांचा लिंबाएवढा घट्ट गोळा. कापूस भरू नका, धुतल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि आतून ओल राहते. गोळ्यावर कापड ओढून मानेला दोऱ्याचे सात-आठ वेढे द्या आणि सुईनं दोन टाके आरपार घालून गाठ आत दडवा. नुसती गाठ मारली तर पोरं ती दोन दिवसांत सोडतात. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना गाठी मारल्या की हात झाले. डोळे काळ्या दोऱ्यानं साखळी टाक्याचे, बटणं नाहीत. तोंडाला लाल दोऱ्याचे दोन टाके. केस लोकरीचे लोंबते ठेवू नका, डोक्यावरच भरून काढा. खणाच्या उरलेल्या पट्टीचं लुगडं, तेही टाके घालून पक्कं. नाक काढायचं नाही. कधी कुणाचं नीट जमलेलं मी पाहिलं नाही.

माझ्या लेकीच्या अशा बाहुलीचं डोकं चघळून चघळून काळं झालं होतं. दर रविवारी ती धुऊन दोरीवर हाताला चिमटा लावून टांगायची आणि वाळेपर्यंत खाली पोरगी उभी. चार वर्षांत तीन वेळा वरचं कापड बदललं, आतला गोळा तोच.

शनिवारी दुपारी दोनला माझ्या बेसमेंटमध्ये या. येताना जुनं सुती कापड गरम पाण्यात धुऊन आणा, नाहीतर शिवल्यावर आटतं. ज्यांना काही येत नाही त्यांनी चिंध्या कापायला या. तन्मय, तू आणि अजून एक जण दीडलाच या, मशीन जिन्यावरून खाली न्यायचंय.

वसुधाकाकू

————

प्रेषक: तन्मय
बुधवार, सकाळी ८:४०

येतो काकू. आईची एक इरकल आहे, काठाला विरलेली, बाकी चांगली. ती फाडायची की नाही हे रात्रीपासून ठरत नाहीये. घेऊन येतो, तुम्हीच बघा.