दोन वर्षांची सहल? नाही हो

वर कुणीतरी लिहिलंय की मॉर्मन (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) पोरं चर्चच्या पैशावर दोन वर्षं परदेश फिरून येतात. पटलं नाही. अमेरिकेतल्या घरांना 2020 पासून या दोन वर्षांच्या धर्मप्रचारासाठी महिन्याला 500 डॉलर भरावे लागतात, पोराला जपानला धाडोत की फिलिपिन्सला. देश निवडायची मुभा नाहीच. त्यांचा धर्मप्रचार मलाही रुचत नाही, पण सहल कसली!

आणखी एक गोष्ट इथे आली नाही, ती म्हणजे जोडीदार, म्हणजे सोबतीला दिलेला दुसरा प्रचारक. जपानमधल्या नागोयात आमच्या खालच्या मजल्यावर अशी एक जोडी असायची. खोली तीच, माणसं बदलती. फ्रिजवर कचऱ्याचं वेळापत्रक, त्यावर आधीच्यांनी पेन्सिलीने खरडलेलं 'बाटल्या बुधवारी'. अमेरिकेतल्या युटा राज्यातून आलेलं नवं पोरगं जरा रुळतंय तोवर बदली. सहा-सहा आठवड्यांनी निरोप येतो, कधी जोडीदार बदलतो तर कधी गावच. एकट्याने कुठे जायचं नाही, मग सोबत्याशी पटो न पटो. 2019 च्या आधी घरी फोन फक्त नाताळला आणि मातृदिनाला. आता आठवड्यातून एकदा करता येतो, बहुधा सुट्टीच्या दिवशी. कपडे धुणं, बाजारहाट, केस कापणंही त्याच दिवशी.