दुखापतीनंतर खेळाडूला मैदानात सोडताना खांद्याचे बळ मोजावे की कामगिरी पाहावी?

मैदानवेडा
क्रिकेट, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल अशा हात डोक्यावर नेऊन जोर लावण्याच्या खेळांत खांदा दुखावलेल्या मुलाला काही ठिकाणी एकाच चाचणीवर परत खेळायला सोडले जाते. जमिनीवर ३६ इंच अंतराने दोन पट्ट्या चिकटवायच्या, मुलाने पुश-अपच्या स्थितीत राहून १५ सेकंद एका हाताने दुसऱ्या हाताजवळच्या पट्टीला आलटूनपालटून स्पर्श करायचा आणि स्पर्श मोजायचे, एवढीच ती चाचणी. माझ्या मते हा आकडा खांद्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंबद्दल सांगतो. चेंडू सुटल्यावर सुसाट पुढे गेलेला हात आवरण्याचे काम मुख्यतः खांदा बाहेरच्या बाजूला फिरवणारे स्नायू करतात, आणि ते कच्चे असले तरी भक्कम धड ती उणीव झाकून नेते. म्हणून डायनामोमीटरने, म्हणजे स्नायूंचे बळ मोजणाऱ्या यंत्राने, दोन्ही दिशांचे बळ मोजावे आणि बाहेर फिरवणारे बळ आत फिरवणाऱ्या बळाच्या निदान दोन तृतीयांश भरल्याखेरीज मुलाच्या हाती चेंडू देऊ नये.

उलटतपासणी
फेकीचा जोर पायांतून निघून धडामार्गे हातात येतो, मग धडाचा वाटा चाचणीत उतरला तर त्याला दोष का म्हणावा? तुमचे यंत्र स्थिर हाताचे बळ मोजते, फेकीत मात्र हात प्रचंड वेगात असतो. शिवाय मार्च २०२१ मध्ये गहुंजेला इंग्लंडविरुद्ध श्रेयस अय्यरचा खांदा निखळला तो झेप घेऊन चेंडू अडवताना. हातावर भार पेलण्याची क्षमता तपासायची, तर पट्ट्यांचीच चाचणी जवळची आहे.

कोल्हापूरचा फिजिओ
दोघांचेही अर्धेच पटते. बाहेर आणि आत फिरवणाऱ्या बळांचे गुणोत्तर फसवे असते, कारण दोन्ही दिशांचे स्नायू सारखेच दुबळे असले तरी ते उत्तम येते. त्यामुळे बळ शरीराच्या वजनाच्या प्रमाणात लिहावे. फेकीचा हात मुळातच अधिक बळकट असतो, म्हणून तो दुसऱ्या हाताच्या बरोबरीला आला एवढ्यावर समाधान मानू नये. यंत्र हाताने धरले की दांडग्या गोलंदाजासमोर तपासणाऱ्याचाच हात मागे सरतो आणि आकडा कमी येतो; ते पट्ट्याने खांबाला बांधावे आणि खेळाडूच्या काखेत टॉवेलची घडी द्यावी, म्हणजे कोपर अंगापासून सुटत नाही.

मैदानवेडा
वजनाच्या प्रमाणात नोंद ठेवण्यास माझी हरकत नाही. श्रेयसचे उदाहरण मात्र येथे लागू पडत नाही, कारण त्याचा निखळलेला खांदा डावा, म्हणजे न फेकणाऱ्या हाताचा होता, आणि ती पडण्याची इजा होती. आपण वारंवार फेकून झिजणाऱ्या खांद्याबद्दल बोलत आहोत. पट्ट्यांच्या चाचणीत हात एकदाही डोक्यावर जात नाही. कामगिरीच पाहायची, तर पालथे झोपवून हात डोक्याच्या रेषेत, तिरपा आणि आडवा ठेवून फोर्स प्लेटवर, म्हणजे दाबाचा जोर मोजणाऱ्या पाटीवर, दाबायला लावावे.

उलटतपासणी
फोर्स प्लेट तालुक्याच्या क्लबला परवडणार आहे का? आणि तीही स्थिर हाताचेच बळ मोजते, हा माझा मूळ आक्षेप तसाच राहतो.