डाळिंबाने रक्त वाढतं का?
ताई, मुलीचं हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून तुम्ही रोज डाळिंबाचा रस देताय असं वर लिहिलंय, म्हणून राहवलं नाही. मी सोलापूरचा. आमच्याकडे डाळिंब घरचंच. 2016 साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हिमोग्लोबिनला लागतं लोह, आणि दाण्यांचा लाल रंग लोहाचा नाही, अँथोसायनिन या रंगद्रव्याचा आहे. 100 ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम. तेवढ्याच बाजरीत 6 मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

माझ्या आईचं हिमोग्लोबिन 9 वर आलं होतं, तेव्हा आम्हीही आधी डाळिंबंच आणली. नंतर डॉक्टरांनी समजावलं की धान्य-भाज्यांतलं लोह शरीर सहजी घेत नाही. धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं. क जीवनसत्त्व सोबत असलं की तेच लोह विरघळलेल्या रूपात राहतं आणि आतड्यातून जास्त शोषलं जातं. म्हणून भाकरी, पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणात पेरू किंवा आवळा ठेवा. पेरूत 100 ग्रॅमला 200 मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं, डाळिंबात साधारण 10.

आणि जेवणाला लागून चहा नको. (आईला हेच सर्वांत जड गेलं.) चहातली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं लोह अडवतात. तासाभराचं अंतर ठेवा.

डाळिंब जरूर द्या, पण दाणेच. गाळलेल्या रसात तंतू उरत नाहीत. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या कृपा करून बंद करू नका.