अमेरिकेचं यादवी युद्ध नक्की कशावरून? गुलामगिरी की राज्यांचे हक्क?

मित्राशी काल जाम वाद झाला. तो म्हणतो, मूळ भांडण टॅरिफ (आयात कर) आणि राज्यांच्या हक्कांचं, गुलामगिरी नंतर चिकटवली. लिंकननेच १८६२ मध्ये लिहिलं होतं ना की एकाही गुलामाला मुक्त न करता युनियन (म्हणजे एकसंध अमेरिका) वाचत असेल तर तसं करीन? मग?

भटक्या: अरे पण लिंकन कशासाठी लढला आणि दक्षिणेतली राज्यं देशातून कशासाठी फुटली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक नेहमी इथेच गल्लत करतात. साउथ कॅरोलिना डिसेंबर १८६० मध्ये फुटली, तिचा जाहीरनामा वाच, तक्रार काय तर उत्तरेतली राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत! म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला की यांना तो खुपतो. मिसिसिपी राज्याने तर सरळच लिहिलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे.

नाना: टॅरिफचं म्हणाल तर १८५७ मध्ये दर उलट कमी झाले होते, आणि वाढवणारा मॉरिल कायदा मार्च १८६१ मध्ये आला, तोवर सात राज्यं बाहेर पडलेली.

प्रश्नकर्ता: पण दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हतेच की, ते का लढले?

भटक्या: प्रत्येक शिपायाचं कारण वेगळं असणार, कोणी गावासाठी, कोणी सक्तीच्या भरतीमुळे. पण फुटायचं ठरवलं ते शिपायांनी नाही. १८६० मध्ये जवळपास ४० लाख माणसं गुलामीत होती रे, एवढी 'मालमत्ता' कोण सोडतंय सुखासुखी?